वरचं नाव

भुईमूग उपटायला यंदा घरात तीनच माणसं होती, आणि त्यातली एक रोज अकराच्या सुमारास हात झटकून बांधावरच्या लिंबाकडे चालू लागायची. ती नूतन. मोबाइलची रेंज सगळ्या शेतात तेवढीच एक जागा धरून होती. लिंबाखाली उभी राहून ती धुळ्याच्या नर्सिंग कॉलेजात फोन लावायची.

"सर, मी देसले नूतन सुकदेव. वेटिंग दोन. काही हललं का?"

तिकडून "नाही, ताई" यायचं. ती परत येऊन ओळीत बसायची आणि वेल झटकू लागायची. सगळं मिळून दहा मिनिटं. पण तिच्या आईच्या, ताईबाईच्या, डोळ्यात ती दहा मिनिटं सलायची.

"रोज काय इचारस वं त्याले? तो काय तुना मामा शे?"

"त्यासनीच सांगेल शे माय, संपर्कमा ऱ्हाय म्हने."

"ऱ्हाय मंग. शेंगा ऱ्हातीन जमीनमा."

ते खरंच होतं. पाऊस अठरा दिवसांपूर्वी गेला तो गेलाच, आणि साक्रीच्या पुढचं हे डोंगराकडचं रान विटेसारखं आवळून बसलं. वेल धरून ओढला की पाला हातात यायचा आणि शेंगा मातीत राहायच्या. म्हणून सुकदेव पुढं कुदळीने ओळ फोडत जायचा, मागून दोघी मायलेकी ढेकळं फोडून शेंगा वेचायच्या. मजूर मिळत नव्हते, सगळे कांद्याच्या लागणीला गेले होते. सुकदेवच्या उजव्या तळहाताला फोड आला होता आणि त्यावर त्याने चिंधी बांधली होती. ताईबाई गुडघ्यांवर बसू शकत नव्हती, ती एका बाजूला पाय पसरून बसल्या बसल्या सरकायची. रानडुकरं रोज थोडं उकरून जायची. लवकर आवरलं तरच काही घरात येणार होतं.

आता ह्या वेटिंगचं सांगायला पाहिजे. सुकदेवला ही एकच लेक. बारावी सायन्सला बरे मार्क मिळाले, तेव्हा तिच्या मामाने पिंपळनेरचा दूध डेअरीतला एक मुलगा सुचवला होता. सुकदेव दोघांच्या मध्ये सापडला. लेकीला शिकायचं होतं, आणि मेहुण्याला तोंडावर नाही म्हणणं त्याला जमत नव्हतं. मग सगळ्यांसमोर त्याने शब्द दिला, "कालेजनी यादीमा नंबर लागना ते शीक. नही लागना ते दिवाईनंतर पोर दखाले बलावसू." त्याला वाटलं, झालं, मिटलं. यादीत नाव तरी असतं किंवा नसतं, एवढंच त्याला ठाऊक. नाव असूनही नंबर नसतो, अशी तिसरी गोष्ट जगात असेल हे त्याच्या डोक्यात कुठून येणार?

यादी लागली त्या दिवशी बाप-लेक धुळ्याला गेले होते. ऑफिसात भूपेंद्र नावाचे क्लार्क होते. शांत माणूस, चष्मा कपाळावर ठेवून बोलायचे.

"गेल्या वर्षी वेटिंगमधलं एकच नाव सरकलं," ते म्हणाले. "तुमच्या वर एकच मुलगी आहे. एक जागा निघेल असं दिसतंय. ती आली तर तिची. नाही आली तर तुमची."

"सर, चान्स वाढवायला काय करता येईल?" नूतनने विचारलं.

भूपेंद्रनी चष्मा डोळ्यांवर घेतला. असा प्रश्न बहुतेक मुली विचारत नसाव्यात.

"नंबर वाढत नाही, ताई. पण नंबर आला आणि हातातून गेला, असं होऊ नये एवढं करता येतं. निम्म्या मुली कागदांपायी जातात. सगळे मूळ कागद एका फाइलमध्ये ठेवा. नॉन-क्रिमीलेअरची तारीख संपली आहे, ते नवीन काढा. फोन चालू ठेवा, मध्ये मध्ये विचारत राहा. प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या, की जागा निघाली तर त्याच दिवशी प्रवेश घेईन. आणि दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी दहाला इथे हजर. दहा म्हणजे दहा."

नूतनने हे सगळं वहीत लिहून घेतलं. सुकदेवने त्यातलं एकच ऐकलं, तुमच्या वर एकच मुलगी आहे. बाहेर येऊन तो बोर्डापुढे उभा राहिला आणि काचेवर बोट ठेवून वाचलं: बोरसे हर्षाली लीलाधर, सोनगीर. खाली आपल्या लेकीचं नाव. मध्ये बोटभरही जागा नव्हती.

"चला ना आबा, बस चुकी जाई," नूतन म्हणाली.

त्यानंतर भूपेंद्रनी सांगितलेलं सगळं नूतनने केलं. दाखल्यासाठी साक्रीला तहसीलमध्ये तीन खेपा घातल्या. अर्ज चार वेळा लिहिला, खाडाखोड नसलेला पाचवा दिला. गावच्या उपकेंद्रात कोकिळा सिस्टर यायच्या. लसीकरणाच्या दिवशी त्यांच्यासोबत बसून ती बाळांची वजनं लिहायची. सिस्टरनी त्याचं एक पत्र दिलं, तेही फाइलमध्ये गेलं. आणि रोज अकराला लिंबाखाली.

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. सुकदेवला अक्कल होती, पण ती त्या दिवसापासून सोनगीरकडे तोंड करून बसली. एक दिवस कुदळ बांधाला टेकवून तो पुना नानाकडे गेला. पुना नाना म्हणजे पंचक्रोशीत साठ-बासष्ट लग्नं जमवलेला माणूस. कुठल्या गावात कोणाची पोर उजवायची आहे, कोणाचा मुलगा कुठं नोकरीला आहे, हे त्याला तोंडपाठ असायचं. सोनगीरला त्याच्या ओळखी होत्या, म्हणून सुकदेवने त्याला धरला.

"सरय जासूत आणि सरय इचारसूत," सुकदेवने सरळ मार्ग सांगितला. "तुमनी पोर कालेजले जाई का नही? जाई म्हनतीन ते आपण मांगे फिरसूत. नही म्हनतीन ते मना जीवले निवांत."

"सरय कोन इचारस रे?" नाना म्हणाला. "पह्यले पानी, मंग चहा, मंग काम. दारवर उभा ऱ्हाईसन काम सांगं ते मानूस म्हनी, आग लागनी का? आणि एखला जाऊ नको. मी येस."

नवरात्रातला चौथा दिवस होता. दोघांनी धुतलेली टोपी घातली. सुकदेवने लग्नातलाच पांढरा सदरा काढला, परक्या गावी जायचं म्हणून.

सोनगीरला उतरले तेव्हा किल्ल्याच्या अंगाने ऊन चढलं होतं आणि तांबटांच्या गल्लीत ठोकाठोक चालू होती. स्टँडवरच्या चहावाल्याला नानाने विचारलं, "लीलाधर बोरसे कोठे ऱ्हातस? त्यासनी पोर शे ना, बारावी व्हयेल?"

बाकावरची चार डोकी वळली. पांढऱ्या टोप्यांकडे पाहिलं, सदऱ्याकडे पाहिलं.

"कोठला शेतस तुम्ही?"

"साक्रीकडला. देसले."

"अरे वा," एकजण म्हणाला. त्याने घर दाखवलं आणि हे दोघे चार पावलं जाताच फोन काढून कानाला लावला.

ते पोचले तेव्हा अंगण झाडून त्यावर पाणी शिंपडलं होतं. ओसरीवरच्या खाटेवर नवी चादर होती, घड्यांच्या रेघा अजून तशाच. लीलाधर शर्टाची वरची बटणं लावत बाहेर आला आणि हात जोडले. सुकदेवला नवल वाटलं. परक्या माणसाचं एवढं अगत्य त्याने पाहिलं नव्हतं. पाणी आलं. मग चहा आला. पाऊस, कापूस, साक्रीचा बाजार, झालं बोलून. लीलाधरची बायको मंदाबाई दाराआडून म्हणाली, "उपास ते नही ना भाऊसले? पोहे करेल शेतस."

सुकदेवने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा नानाने गुडघ्याने डिवचलं. पोहे तरी होऊ दे.

पोहे आले ते एका मुलीच्या हातातून. घाईत नेसलेली साडी, निऱ्या एकीकडे जास्त, डोक्यावर पदर, मान खाली. तिने दोघांपुढे ताटल्या ठेवल्या आणि बाजूला उभी राहिली.

"बठ बेटा, बठ," पुना नाना म्हणाला. "नाव काय तुनं?"

साठ-बासष्ट वेळा म्हणून गुळगुळीत झालेलं ते वाक्य होतं, आपोआप गेलं. मुलगी म्हणाली, "हर्षाली लीलाधर बोरसे."

सुकदेवच्या तोंडात पोह्यांचा घास होता. तो तसाच राहिला. चादर, शिंपडलेलं पाणी, चहावाल्याकडचा तो फोन, सगळं एकदम त्याच्या ध्यानात आलं. ही माणसं आपल्याला मुलाकडची समजली. त्याने नानाकडे पाहिलं. नानालाही कळलं होतं. तो ताटलीत कढीपत्ता शोधत होता.

बोलायचं होतं ते तेव्हाच. भाऊ, चूक झाली, आम्ही स्थळ घेऊन आलो नाही, एवढंच. थोडं हसं झालं असतं आणि पोहे गोड लागले असते. ताकाला जाऊन भांडं लपवू नये हे सुकदेवही दुसऱ्याला सांगायचा. त्याने घास गिळला आणि ज्यासाठी आला होता तोच प्रश्न विचारला.

"पोर पुढे शिकनार शे का?"

लीलाधरने बायकोकडे पाहिलं. मुलाकडची माणसं हेच विचारतात आणि त्याचं उत्तर त्यांचं तोंड पाहून द्यायचं असतं.

"धुयाले नर्सिंगले नाव शे, वेटिंगमा," तो म्हणाला. "पन आमनं काही अडेल नही. चांगलं घर भेटनं ते होस्टेलवर कसाले धाडसूत? तुमना इचार काय शे? शिकेल पाह्यजे का?"

हर्षालीने मान वर केली. पहिल्यांदाच. ती सरळ सुकदेवकडे पाहत होती.

"आमले शिकाडानी काही गरज नही," सुकदेव म्हणाला.

हे वाक्य त्याने आधी ठरवलं नव्हतं. पण निघालं ते त्याच्याच तोंडून.

मुलगी उठून आत गेली. मंदाबाईला आनंद झाला, तो तिच्या आवाजात कळत होता. निघताना तिने एक तांब्याचा तांब्या आणून सुकदेवच्या हातात दिला. तिचे दीर भांडी घडवायचे. "सोनगीरनं पानी पीसन रिकामा हाते कसा जाशात? लई जा, भाऊ." सुकदेव नको नको म्हणाला. ते नको नको म्हणणंही रीतीतलंच धरलं गेलं. नानाने आपला फोन नंबर दिला आणि म्हणाला, "दसरा व्हऊ द्या. मंग निरोप धाडतस."

परतीच्या बसने नगावबारी ओलांडल्यावर नाना म्हणाला, "तू काय बोलना, सुकदेव?"

"नाव तुम्हीच इचारं ना तिले."

"मी सवयमा इचारं. तू समजीसन बोलना."

तांब्या सुकदेवच्या मांडीवर होता आणि उन्हाने तापला होता.

घरी ताईबाईने तांब्या उजेडात धरून फिरवून पाहिला. ठोक्यांच्या खुणा एकसारख्या, काठ गोल, तळ जड. "चांगला शे वं माय. कोठेन लयनात?"

"सोनगीरथून. नूतनले होस्टेलवर लागी."

"लागना का नंबर?"

"लागी," सुकदेव म्हणाला आणि शेताकडे निघून गेला.

दसऱ्याला गावात सोनं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून पुना नानाचा फोन वाजू लागला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा नाना चालत शेतात आला आणि सुकदेवच्या ओळीच्या टोकाला उभा राहिला.

"लीलाधर इचारस, निरोप काय शे म्हने. पोर आवडनी का नही, तितलं तरी सांगा म्हने. काय सांगू?"

सुकदेवने कुदळ थांबवली नाही. "सोमवार व्हऊ दे."

"सोमवारनं काय शे?"

"व्हऊ दे म्हनं ना, नाना!"

नानाने चपलेने एक ढेकूळ फोडलं, त्यातली एक शेंग उचलून दाणा तोंडात टाकला आणि गेला. जाताना म्हणाला, "साठ लगीन जमाडात मी. मोडं एक बी नही."

त्या दिवसांत सुकदेवच्या तळहातावरचा फोड फुटला आणि कुदळीचा दांडा ओला व्हायला लागला. चिंधी बदलायला त्याने कोणाला हात लावू दिला नाही. अकरा वाजले, नूतन लिंबाकडे निघाली की तो तिच्यावर ओरडायचा. मग ती परतली की काहीच विचारायचा नाही. ताईबाईला वाटायचं, रान आवरत नाही म्हणून चिडतो. त्याला सोनगीरच्या त्या मुलीची वर झालेली मान दिसायची, आणि लगेच आपल्या लेकीचं नाव दिसायचं. दोन्ही एकाच वेळी दिसायचं, आणि तो ओळ फोडायचा.

सोमवारी बाप-लेक पहाटेच्या पहिल्या बसने निघाले. ताईबाईने पिशवीत भाकरी, शेंगांची चटणी, दोन ड्रेस आणि वर तो तांब्या घातला. "नंबर लागना ते तठेच ऱ्हावानं पडी," ती म्हणाली. नंबर लागला नाही तर काय, हे कोणी बोललं नाही. मामाने दिवाळीनंतरचा रविवार पाहूनसुद्धा ठेवला होता.

पावणेदहाला ते ऑफिसच्या व्हरांड्यात होते. अजून चार-पाच मुली आपापल्या आईबापांबरोबर उभ्या होत्या, सगळ्यांच्या छातीशी फाइली. दहाला भूपेंद्र बाहेर आले.

"एक जागा आहे. वेटिंग एक, बोरसे हर्षाली लीलाधर."

कोणी पुढे आलं नाही. त्यांनी पुन्हा नाव घेतलं. मग तिसऱ्यांदा, जरा मोठ्याने. सुकदेव तिन्ही वेळा फाटकाकडे पाहत होता. येऊ नये असं त्याला वाटत होतं, आणि आली तर बरं होईल असंही कुठंतरी वाटत होतं. पण पहिलं जास्त वाटत होतं.

"साडेदहापर्यंत थांबू," भूपेंद्र म्हणाले. "लांबून येतात मुली."

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले.

"वेटिंग दोन. देसले नूतन सुकदेव."

"हजर!" नूतन इतक्या जोरात म्हणाली की दोन-तीनजण हसले.

भूपेंद्रनी फाइल उलटली. मार्कशीट, टीसी, दाखला, दाखल्याची नवी तारीख, सिस्टरचं पत्र. "असे कागद पाहिजेत," ते म्हणाले आणि तिच्यापुढे फॉर्म सरकवला. तिने सही केली, मग सुकदेवने केली. चिंधी बांधलेल्या हाताने त्याची सही वाकडी आली. सुकदेवला आनंद झाला. खोटं कशाला बोला, अंगातला ताप उतरावा तसा मोकळा झाला तो. व्हरांड्यात येऊन त्याने टोपी काढून तोंड पुसलं आणि पुन्हा घातली. नूतन पावती दोन्ही हातांत धरून वाचत होती, पुन्हा पुन्हा तीच.

सव्वाअकरा झाले असतील. फाटकातून एक मुलगी पळत आली. कॉलेजचा जुना ड्रेस, केस वाऱ्याने विसकटलेले, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. ती थेट ऑफिसच्या खिडकीशी गेली.

"सर, बोरसे हर्षाली. माझा नंबर पहिला होता."

"दहाची वेळ होती, ताई. साडेदहापर्यंत वाट पाहिली."

"वडिलांनी कागद पेटीत कुलूप लावून ठेवले होते, सर. आईने किल्ली दिली तेव्हा नऊ वाजून गेले होते. एसटी गेली होती. टेम्पोत बसून आले."

भूपेंद्रनी चष्मा काढला. "जागा दिली गेली. शुक्रवारपर्यंत कोणी प्रवेश रद्द केला, तर आता पहिला नंबर तुमचाच. एक-दोघींचं दुसरीकडे चाललंय असं ऐकतोय. पण वडिलांची सही लागेल. त्यांना घेऊन या."

"ते येणार नाहीत," ती म्हणाली, आणि वळली.

समोर सुकदेव उभा होता. तीच टोपी, तोच सदरा. तिने ओळखायला वेळ लावला नाही.

"तुम्ही आमना घर ऊनथात."

नूतनने पावतीवरून मान वर केली. "कोठे ऊनथात?"

"सोनगीरले. माले दखाले. त्यासना आंडोरकरता."

"माले ते भाऊच नही," नूतन म्हणाली.

व्हरांड्यात दुसरं कोणी ऐकत नव्हतं, पण सुकदेवला वाटलं सगळं धुळं ऐकतंय. पाय काढायला जागा नव्हती. लेक त्याच्याकडे पाहत होती आणि ती परकी लेकही पाहत होती.

"पोर दखाले नही ऊनथू मी," तो म्हणाला. "तू कालेजले येस का नही, ते इचाराले ऊनथू. तुम्हले दुसरंच वाटनं. माले समजनं, तरी मी सांगं नही. तुना बापनी इचारं, शिकेल पाह्यजे का? मी नही म्हनं. मनी पोरना नंबर लागो म्हनीसन."

हर्षाली रडली नाही. "तुमना निरोपनी वाट दखीसन आप्पानी माले आठ-दहा दिन उंबरठाबाहेर जाऊ दिधं नही," ती म्हणाली. "उन्हमा रंग उतरी जाई म्हने. होस्टेलनं नाव काढं ते स्थळ मोडी जाई म्हने."

नूतन पिशवीपाशी बसली. वरचा तांब्या काढून तिने विचारलं, "आणि हाऊ?"

"तिना मायनी दिधा," सुकदेव म्हणाला.

नूतनने तांब्या त्याच्या हातात ठेवला. बापाची तिला लाज वाटत होती, ती तिने लपवली नाही. मग तिने पावतीकडे पाहिलं. ही जागा मी सोडते, असं म्हणता आलं असतं. तिने म्हटलं नाही. सोडावीशी तिला वाटत नव्हती. पाच वेळा अर्ज लिहिला होता तो तिने, कोणाच्या ओसरीवर पोहे खाऊन जागा मिळवली नव्हती. पण बाप तिचाच होता.

ती उठली आणि हर्षालीजवळ बाकावर जाऊन बसली. वही उघडली.

"अर्ज लिखी ले. हाऊ नमुना शे. प्राचार्यसना नावना," ती म्हणाली. "सरले दहाले फोन लावू नको, तवय ते काममा ऱ्हातस. अकराले लाव. रोज लाव. नॉन-क्रिमीलेअरनी तारीख दखी का तू?"

हर्षालीने पिशवीतून कागद काढला आणि तारीख पाहिली. तारीख ठीक होती. तिने पेन मागितला. दोघी वाकून लिहू लागल्या, आणि सुकदेव तांब्या घेऊन खांबापाशी उभा राहिला.

अर्ज खिडकीतून आत गेल्यावर नूतन बापाकडे आली.

"आबा, तुम्ही हिनासंगे सोनगीर जा. आजच."

"भुईमूग पडेल शे, बेटा. तुनी माय एखली शे."

"ऱ्हाऊ द्या भुईमूग."

सुकदेवने पिशवी तिच्याजवळ दिली. होस्टेलच्या दारापर्यंत पोचवायला जावं असं त्याच्या मनात होतं. तिने यायला सांगितलं नाही.

सोनगीरच्या बसमध्ये हर्षाली पुढं बायकांत बसली, सुकदेव मागं. स्टँडवर उतरल्यावर त्याने टोपी काढून खिशात घातली. उघड्या डोक्याने परक्या गावात तो कधी चालला नव्हता. चहावाल्याच्या बाकावर तीच माणसं होती. पाहुणा परत आला, आणि पोरीसोबत आला, हे त्यांनी पाहिलं. एकजण उठून उभा राहिला. तांबटांच्या गल्लीत ठोकाठोक चालू होती.

ह्या वेळी अंगण शिंपडलेलं नव्हतं. लीलाधर ओसरीवर बसला होता, लेक घरातून गेली म्हणून तोंड पाडून. सुकदेवला पाहून तो गडबडून उठला आणि हात बटणांकडे गेला. मंदाबाई आत धावली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. तिचं तोंड फुललं होतं.

"बठा भाऊ, बठा. पानी ल्या."

"पानी मंग, वहिनी," सुकदेव अंगणातूनच म्हणाला. "पह्यले मी कसाकरता ऊनथू, ते सांगस."

त्याने तांब्या ओसरीच्या कडेला ठेवला आणि उभ्याने सगळं सांगितलं. यादी, वरचं नाव, टोपी, पोहे. मला मुलगाच नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. शुक्रवार सांगितला. वडिलांची सही लागेल, तेही सांगितलं. शेवटी म्हणाला, "पोरनी काही चूक नही. चूक मनी शे."

लीलाधरने ऐकलं. शेजारची दोन माणसं कुंपणाशी येऊन उभी होती, त्यांनीही ऐकलं. लीलाधर ओसरीच्या कडेपर्यंत पुढे आला. मारतो की काय असं सुकदेवला वाटलं, आणि मारलं असतं तर त्याने खाल्लं असतं.

लीलाधरने मारलं नाही. दारात उभ्या असलेल्या लेकीकडे वळून म्हणाला, "सही कोठे लागस, दखाड."

हर्षालीने कागद खाटेवर पसरले. मंदाबाई पेला हातात धरून तशीच उभी होती. तिने सुकदेवकडे एकदा पाहिलं, ओसरीच्या कडेचा तांब्या उचलला आणि पेला घेऊन आत गेली.

सुकदेव फाटक लावून घेऊन गल्लीने निघाला. ऊन कडकडीत होतं आणि सकाळपासून त्याच्या पोटात घोट गेला नव्हता. स्टँडवर चहावाल्याचा माठ भरलेला होता. त्याला कोणी पाणी विचारलं नाही, आणि त्या गावात त्यानेही मागितलं नाही.